एका सदऱ्याचा अभिप्राय

३ मार्च, सोमवार

सदरा आला. आठ दिवस म्हणाले होते, अकरा लागले.

ह्यांच्यासारख्या, एक बाजू लुळी पडलेल्या माणसासाठी मुद्दाम शिवलेला सदरा आहे. डोक्यातून घालावा लागत नाही, हात पिरगाळावे लागत नाहीत. दोन्ही खांद्यांवर आणि उजव्या कुशीला तो पूर्ण उघडतो, आणि शाळेच्या बुटांना असतात तशा चर्रर्र आवाज करत सुटणाऱ्या पट्ट्यांनी बंद होतो. कल्पना चांगली. पण कल्पना चांगली असणं वेगळं आणि वस्तू चांगली असणं वेगळं. औषधांच्या कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतंच.

सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. "पहिले काही दिवस सावकाश घाला. पट्टीच्या आतला कापडी पदर अंगाकडे सपाट करून घ्या. काही अडलं तर फोन करा." खाली नंबर. म्हणजे धंदा घरगुती. चिठ्ठी औषधांच्या डब्याखाली सरकवली. सदरा कसा घालायचा हे मला शिकवायची गरज नाही.

सकाळचं अंग पुसणं, पावडर, सदरा, सगळं मिळून नऊ मिनिटांत उरकलं. शर्टाला चौदा लागत. मध्येच ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. "साडेसात," मी सांगितलं. "कुठे बस चुकणार आहे तुमची?" जन्मभर आगारात बसगाड्यांची वेळापत्रकं लावली. झटका येऊन आठ महिने झाले, दिवसाला चार शब्द निघतात तोंडातून, पण वेळेचा नाद सुटत नाही.

५ मार्च, बुधवार

ह्यांच्या उजव्या खांद्यावर ओरखडा. बोटभर लांब, लालभडक. त्या बाजूला त्यांना फारसं कळत नाही, त्यामुळे ओरडले नाहीत.

दुपारी वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला राहतात, रोज भावाशी पत्ते खेळायला येतात आणि मुद्दाम हरतात.

"काय रे धाकट्या, मांजर पाळलंय की काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मांजर नाही, वन्सं. नवा सदरा. पट्टीचं टोक लागलंय."

"पट्टी तर वर आहे की गं. हा तर दोन बोटं खाली आहे."

"माणूस कुशीवर वळला की कपडा सरकतो."

"सरकत असेल बाई. तू शिकलेली, मी काय बोलणार," असं म्हणून त्यांनी पानं पिसायला घेतली. वन्सं काय बोलणार म्हणाल्या की पुढे अर्धा तास बोलतात. आज मात्र बोलल्या नाहीत.

टॉवेलचा पुन्हा दोरा निघाला. घड्याळाच्या पट्ट्याची कडी गेल्या आठवड्यात दारात चेमटली, तेव्हापासून जिथे तिथे अडकते. घड्याळवाल्याकडे जायला हवं. पण ह्यांना एकटं सोडून जाणार कधी?

६ मार्च, गुरुवार

सदरा धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. ह्यांना परत जुने शर्ट. मग ज्या संकेतस्थळावरून मागवला होता तिथे अभिप्राय लिहिला. इथे उतरवून ठेवते:

"कापड मऊ आहे, धुतल्यावर आटलं नाही. परंतु खांद्यावरची पट्टी खरखरीत असून तिच्या टोकाने तीन दिवसांत माझ्या पतीच्या खांद्यावर ओरखडा उठला. गळ्याची शिवण जाड आहे व टोचते. आजारी माणसाच्या अंगावर ही वस्तू घालणं धोक्याचं आहे. हा सदरा जिने शिवला त्या बाईने जन्मात कधी आजाऱ्याची उठबस केलेली नसावी."

पाचांपैकी एक स्टार. शून्य द्यायची सोय नाही.

शेवटचं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं. आणि आल्यावर बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणालातरी काहीतरी सुनावलं.

८ मार्च, शनिवार

मुलीचा फोन.

"आई, तुझा रिव्ह्यू वाचला. अगं, शंभरच्या वर लोकांनी 'उपयोगी' म्हणून खूण केलीय!"

"मग? उपयोगी आहेच."

"कडक लिहिलंस पण. ते शेवटचं... बिचारी रडली असेल ती."

"औषधाच्या गोळीत काच निघाली तर गोळी बनवणारा रडेल म्हणून गप्प बसायचं का?"

"गोळी आणि सदरा एकच आहे का, आई?"

"आजाऱ्याच्या बाबतीत एकच."

"बरं बाई. बाबा कसे आहेत? दे ना त्यांच्या कानाशी फोन."

दिला. ह्यांनी ऐकलं, हसले, "हं" म्हणाले. मला जे सांगतात त्याच्या दुप्पट तिला सांगतात असं वाटतं, आणि तेही 'हं' एवढ्याच शब्दात.

कारखान्यात मला मागून 'लाल शिक्का' म्हणत. मी कधी कुणाला उगाच नापास केलं नाही. तसं एकदाही झालं नाही. हे आज का आठवलं कोण जाणे.

९ मार्च, रविवार

त्या शिवणारणीने माझ्या अभिप्रायाखाली उत्तर दिलंय:

"आपल्या यजमानांना त्रास झाला, मनापासून माफी मागते. पैसे परत करते, सदरा परत पाठवायची गरज नाही. फक्त एक विचारू का? ओरखडा पट्टीच्या टोकाशीच आहे का? आतला पदर दुमडला गेला होता का? कळलं तर मला दुरुस्ती करता येईल."

साळसूद भाषा. मी लिहिलं: "दोष गिऱ्हाइकाच्या हातात शोधण्यापेक्षा आपल्या शिलाईत शोधावा."

त्यावरही लोकांच्या खुणा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने लिहिलं, "अशा स्पष्ट बायका हव्यात."

उत्तर पाठवून अर्धा तास झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिने जे दोन प्रश्न विचारले ते तपासणीच्या कोऱ्या तक्त्यावर छापलेले असतात. दोष नेमका कुठे, वापर कसा केला. मी ते तक्ते स्वतः छापून घेतले होते.

१४ मार्च, शुक्रवार

ओरखडा भरत नाहीये. भरल्यासारखा वाटतो आणि सकाळी पुन्हा ताजा दिसतो. सदरा तर आठ दिवस कपाटात आहे. वयामुळे कातडी पातळ झाली असेल. मलम लावलं. लावताना ह्यांनी पुन्हा घड्याळ चाचपलं. "आठला पाच कमी," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१५ मार्च, शनिवार

वन्सं गुडघ्याच्या व्यायामाला ज्या शुश्रूषागृहात जातात तिथली बातमी घेऊन आल्या. चप्पल काढायच्या आधीच सुरू.

"अगं, तुझी कीर्ती पोचली हो तिथवर! तिथल्या मोठ्या सिस्टरबाई साठ सदरे घेणार होत्या, त्याच तुझ्या शिवणारणीकडून. ठरलं होतं सगळं. तुझं लिहिलेलं वाचलं आणि थांबवलं. म्हणाल्या, कुणा अनुभवी बाईंनी लिहिलंय. मी सांगितलं नाही हो, ती माझी भावजय म्हणून."

"मग काय ठरलं?"

"पुढच्या शनिवारी ठरवणार. तिथली झाडूवाली सांगत होती, त्या शिवणारणीने या कामासाठी खोली भाड्याने घेतलीय आणि दोन बायका ठेवल्यात. काम गेलं तर खोलीही जाईल आणि त्या बायकाही घरी बसतील." मग भावाकडे वळून, "काय रे, तुझ्या खांद्यामुळे तीन चुली विझणार बघ!"

हे हसले नाहीत. वन्सं पण मग हसल्या नाहीत.

"खराब वस्तू साठ लोकांच्या अंगावर जाण्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

"हो, खराब असेल तर," वन्सं म्हणाल्या.

१७ मार्च, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी ह्यांचा जुना शर्ट काढला. डाव्या बाजूला, पाठीवर, दंडाच्या मागे नवा ओरखडा. तिथे सदऱ्याला पट्टीच नाही. आणि सदरा अकरा दिवसांत अंगाला लागलेला नाही. मी तो ओरखडा बघत उभी राहिले. ह्यांनी माझं मनगट धरलं. मी वेळ सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी ते मनगट जोर लावून खाली ओढलं, घड्याळाची वाकडी कडी स्वतःच्या मांडीवर टेकवली आणि ओढली. पांढरी रेघ उठली. मग लाल झाली.

मी खुर्चीत बसले.

"माझ्या घड्याळाने?"

मान हलली.

"पहिल्यापासून?"

मान हलली.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

त्यांच्या ओठांची बरीच खटपट झाली. मी एरवी अशा वेळी शब्द पुरा करून देते. आज दिला नाही, कारण मला सुचला नाही.

"सांगितलं," ते म्हणाले.

१८ मार्च, मंगळवार

घड्याळ काढून खणात टाकलं.

खात्यात माझे दोन नियम होते. नापास करण्यापूर्वी शेजारी दुसरा नमुना ठेवून बघायचं. मी एका सदऱ्यावर निकाल दिला, शेजारी जुना शर्ट दोन दिवस घालून पाहिला असता तर तिसऱ्या दिवशी सगळं उघड झालं असतं. दुसरा नियम, अहवालात वस्तू लिहायची, माणूस लिहायचा नाही. "कामगार बेफिकीर दिसतो" असं लिहिणाऱ्या एका पोरीचा अहवाल मी सगळ्यांसमोर फाडला होता. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मी म्हटलं होतं, शिकेल.

दुरुस्ती लिहायला बसले. चार ओळी झाल्या. मग वाटलं, गळ्याची तक्रार तर खरी आहे ना? सगळंच मागे घेतलं तर तेही खोटंच. नीट विचार करून लिहावं. पुसलं.

१९ मार्च, बुधवार

माझ्या अभिप्रायाला आता दोनशे अकरा खुणा. शिवणारणीच्या पानावर त्यानंतर कुणी काही विकत घेतल्याचं दिसत नाही.

लिहिलं नाही. चादरी बदलल्या, औषधांचा खण आवरला, पंख्याची पाती पुसली. पंख्याची पाती गेल्या वर्षभरात पुसली नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार

"घड्याळ कुठे गं?" वन्सं.

"दुरुस्तीला."

खोटं. खणात आहे. वन्संशी पंचेचाळीस वर्षांत भांडले आहे, अबोला धरला आहे, पण खोटं बोलल्याचं आठवत नाही. हे पत्त्यांवरून नजर उचलून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं.

"उद्या आमच्या सिस्टरबाईंचा निकाल," वन्सं जाताना म्हणाल्या. "मला तर बाई त्या शिवणारणीचं वाईट वाटतं. पण तू सांगितलंस म्हणजे असणारच काहीतरी."

दारात उभी राहून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

२२ मार्च, शनिवार

आज शनिवार. मला माहीत होतं आज शनिवार आहे.

सकाळी नऊला लिहायला बसले. मुख्याध्यापिकाबाई काय म्हणतील, मुलगी काय म्हणेल, वन्सं काय म्हणतील. सगळ्यांची वाक्यं मीच तयार केली आणि मीच त्यांना उत्तरं दिली. बाराला ह्यांचं जेवण. दुपारी डोळा लागला. संध्याकाळी म्हटलं, आता शुश्रूषागृहाचं कार्यालय बंद झालं असेल, घाई करून काय उपयोग?

उशीर होऊन जावा म्हणून मी दिवसभर वाट बघत होते. चूक नकळत झाली. हे मात्र समजून उमजून केलं.

२४ मार्च, सोमवार

लिहिलं:

"मी ६ मार्चला दिलेला अभिप्राय चुकीचा आहे. ओरखडा सदऱ्याच्या पट्टीने नव्हे, माझ्या घड्याळाच्या वाकड्या कडीने आला. मी खात्री न करता लिहिलं. शिवणाऱ्या बाईंनी विनयाने विचारलेल्या प्रश्नांना मी उद्धट उत्तर दिलं. त्यांच्याविषयी लिहिलेलं शेवटचं वाक्य लिहिण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. हे मला १७ तारखेला कळलं. मी आज लिहिते आहे."

शेवटची दोन वाक्यं तीनदा काढली आणि तीनदा परत घातली.

आतापर्यंत चार खुणा. मुलीचा निरोप: "आई, ग्रेट आहेस." ग्रेट! तिला तारखा दिसल्या नाहीत का?

वन्संना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "दुरुस्तीला दिलेलं घड्याळ आणतेस कधी?" आणि फोन ठेवला.

२५ मार्च, मंगळवार

ह्यांच्याजवळ वन्संना बसवलं. आल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. शुश्रूषागृहात गेले. मोठ्या सिस्टरबाई माझ्यापेक्षा तरुण, पण माझ्यासारख्याच. उभ्याने बोलतात, हातातलं काम थांबवत नाहीत.

"शनिवारी दुपारी दिली ऑर्डर. मोठ्या कंपनीला. त्यांचे सदरे काही खास नाहीत, पण येतात वेळेवर."

"मी चुकीचं लिहिलं होतं. ओरखडा सदऱ्याचा नव्हता."

"काल वाचलं मी." त्या चादरी मोजत होत्या. "खरं सांगू का? पट्टीचं मला काही वाटलं नव्हतं. पट्टी बदलून घेतली असती, त्या तयारच होत्या. ते शेवटचं वाक्य होतं ना, जिने आजाऱ्याची उठबस केली नाही असं. ते डोक्यातून जाईना. म्हटलं, हे काम न कळणाऱ्या बाईकडून कशाला घ्या?"

"शुक्रवारी सांगितलं असतं तर?"

त्यांनी पहिल्यांदा हात थांबवला. "शुक्रवारी माहीत होतं तुम्हाला?"

मी हो म्हटलं. त्यांनी चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

२६ मार्च, बुधवार

चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन करून पत्ता घेतला. नाव सांगितल्यावर पलीकडून फक्त "या" आलं.

भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. दोन शिलाई यंत्रं, एकावर कापड झाकलेलं. खिडकीशी लोखंडी खाट, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वरखाली होणारी, दवाखान्यात असते तशी. तिच्यावर जाड कांबळं आणि इस्त्री. शिवणारीण चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, तोंडात दोन टाचण्या. त्या काढून गादीला टोचल्या आणि खुर्ची पुढे केली.

"बसा मॅडम. चहा विचारत नाही, बाई आज आली नाही."

"दुसऱ्या बाई?"

"तिला नाही म्हणून सांगितलं सोमवारपासून. ही खोली महिनाअखेरपर्यंत आहे. पुढचं बघू."

मी घोटून आणलेलं सगळं बोलले. घड्याळ, सतरा तारीख, आठवडा. तिने मध्ये अडवलं नाही. संपल्यावर माझी नजर खाटेकडे गेली असावी.

"सासूबाईंची. चार वर्षं होत्या तिच्यावर. गेल्या. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, म्हणून इस्त्रीला वापरते. पहिला सदरा त्यांच्यासाठीच फाडून शिवला. उठबस," ती थांबली, "उठबस बरीच केली."

मला मान खाली घालता आली नाही, वर ठेवता आली नाही.

"माफ करा," मी म्हटलं.

"ते होईल हळूहळू. आत्ता नाही होणार." तिने कात्री उचलली, परत ठेवली. "मला एक खरं सांगा. गळ्याची शिवण टोचते असं लिहिलंय तुम्ही. सोमवारी त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. ते खरं, की तेही घड्याळच?"

"मला... वाटलं ती जाड आहे."

"ते काय म्हणाले?"

"विचारलं नव्हतं."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं. "दुसऱ्या एका शुश्रूषागृहाने पाच नमुने मागवलेत, मंगळवारपर्यंत. हे जमलं तर खोली राहील. गळा उसवायचा की नाही तेवढं कळलं तर बरं. आणि मॅडम, माझी दया येऊन चांगलं सांगू नका. वाईट सांगितलंत तेव्हा तपासलं नव्हतंत. चांगलं तरी तपासून सांगा."

२७ मार्च, गुरुवार

सदरा कपाटातून काढला. चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे पदर सपाट केला. घालायला बावीस मिनिटं लागली.

प्रत्येक टप्प्याला विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबले. थांबणं फार अवघड आहे. माझ्या जिभेवर त्यांचे शब्द आधीच येऊन बसतात. तीन वेळा जीभ चावली. खांदा? मान हलली, ठीक. पट्टी? ठीक. गळा?

खूप वेळ गेला. मी बघत राहिले.

"छान," ते म्हणाले.

म्हणजे गळ्याची तक्रारही माझीच. टोचत होतं मला, आणि ते गळ्याशी नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज नीट तपासणी. सकाळी सदरा घालून दोन तास उजव्या कुशीवर. दुपारी जुना शर्ट घालून तेवढाच वेळ, तीच कूस, तीच गादी.

सदऱ्यानंतर उजव्या कुशीवर, पट्टीच्या दोन्ही कडांचे वळ. चांगले खोल, पाऊण तास गेले नाहीत. शर्टानंतर काही नाही.

ह्यांना विचारलं, इथे लागत होतं का? मान आडवी हलली. लागणारच नाही. त्या बाजूला त्यांना कळतच नाही. सदरा उघडतो नेमका त्याच कुशीला, आणि ज्यांची बाजू लुळी पडलीय ते नेमके न कळणाऱ्या बाजूवर तासन्‌तास पडून राहू शकतात. महिनाभर असं चाललं तर तिथे जखम होईल.

म्हणजे सदऱ्यात दोष आहे. मी लिहिला होता तो नव्हे, त्याहून मोठा. आता हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

२९ मार्च, शनिवार

आज पुन्हा तीच तपासणी. तोच निकाल.

न सांगण्याची कारणं सकाळपासून सुचत होती. बिचारीचं आधीच नुकसान झालंय, पाच नमुने तरी जाऊ देत, मग सांगू. ही कारणं ऐकायला फार चांगली होती. गेल्या शनिवारची कारणंही चांगलीच होती. दुपारी चार वाजता फोन केला.

"गळा ठीक आहे. त्यांनी सांगितलं. पण कुशीच्या पट्टीचे वळ उठतात. दोनदा बघितलं, शेजारी शर्टही घालून बघितला. वळ पाऊण तास राहतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही."

पलीकडे शिलाई यंत्र थांबलं.

"माझ्या सासूबाई पाठीवरच असायच्या," ती म्हणाली. "कुशीवर वळताच यायचं नाही त्यांना. माझ्या डोक्यातच आलं नाही कधी." मग, "पट्टी पुढे घेतली तर? पोटावर, तिरकी?"

"पोटावर कुणी झोपत नाही. चालेल."

"मंगळवारपर्यंत पाच होतील. बसते आता." आणि लगेच, "हे लिहा तुम्ही तिथे."

"आधी दुरुस्त करा. नवीन आला की लिहीन. आत्ता लिहिलं तर..."

"मॅडम, बावीस सदरे विकलेत मी आजवर. पंधरा-वीस माणसं तरी आज त्या पट्टीवर पडून असतील, आणि त्यांना कळत नसेल. माझ्याकडे सगळ्यांचे नंबर नाहीत. लोक माझं पान वाचत नाहीत, तुमचं वाचतात. आत्ता लिहा."

आजाऱ्याची उठबस काय असते ते मला वाटतं आज, आत्ता, फोनवर कळलं.

लिहिलं. लिहून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

"हा सदरा मी पुन्हा, दोन दिवस, साध्या शर्टाशी ताडून पाहिला. कापड, गळा, खांद्याच्या पट्ट्या यांत दोष नाही. सावकाश घातल्यास आजाऱ्याला व घालणाऱ्याला, दोघांनाही सोपा जातो. परंतु लुळ्या बाजूवर झोपल्यास कुशीच्या पट्टीचे वळ उठतात आणि आजाऱ्याला ते जाणवत नाहीत. ज्यांच्याकडे हा सदरा आहे त्यांनी आज कूस तपासावी व त्या बाजूवर झोपवताना सदरा काढावा. शिवणाऱ्या बाईंना कळवलं आहे. त्या पट्टी पुढे घेत आहेत. हा इशारा लगेच द्यावा असा आग्रह त्यांचाच आहे."

"काही बदलू?"

मान आडवी.

आता स्टार. चारवर बोट नेलं. चार द्यायचे असं मी फोन ठेवतानाच ठरवलं होतं. एवढं तर मी तिचं देणं लागते. मग बोट थांबवलं आणि पडदा ह्यांच्यापुढे धरला. सदरा घालतात ते, मी नाही.

त्यांनी डावा हात वर केला. तीन बोटं.

"तीनच? अहो, बिचारीची खोली..."

त्यांनी मान हलवली नाही. शब्द जुळवत राहिले. मी थांबले. किती वेळ थांबले ते माहीत नाही.

"वळ," ते म्हणाले. आणि मग, "तीन."

तीन दिले.